प्रोकोपचुकचे मंगळवार

आल्विना फ्रीसन थोरलाकसन कंपनीच्या ऑफिसात आली ती सहा आठवड्यांसाठी. आधीची टायपिस्ट बाळंतपणाला गेली होती. ती परत आलीच नाही, आणि आल्विनाला जा असं कुणी म्हटलं नाही. त्याला आता सदतीस वर्षं झाली. दरम्यान टाइपरायटर गेला, मुलगी लग्न करून कॅलगरीला गेली, नवरा पीट धान्याच्या ट्रकवरून उतरला आणि गुडघे धरून घरी बसला. आल्विना मात्र तिथंच, त्याच खिडकीशी, बोटांवर शिसपेन्सिलीची काजळी घेऊन.

हॅलस्टेड गावात करमणूक म्हणून जे काही होतं ते थोरलाकसनांचं. हॉकीची बर्फाची रिंक असलेली अरीना, मेन स्ट्रीटवरचं जुनं थिएटर आणि गावाबाहेरचं जत्रेचं मैदान. या तिन्ही जागांच्या तारखा आल्विनाच्या वहीत असत. कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं त्यातही सगळं भरायला सुरुवात केली, पण गावाचा विश्वास वहीवर होता आणि तिचाही.

या धंद्याची एक रीत आहे. तारीख पक्की करायच्या आधी ती नुसती धरून ठेवता येते. जो आधी विचारेल त्याचा पहिला हक्क, त्याच्यामागून येईल त्याचा दुसरा. दुसरा म्हणाला की मला ही तारीख पक्कीच हवी, तर त्यानं आव्हान द्यायचं. मग आल्विना पिवळ्या फॉर्मवर चिठ्ठी लिहिणार आणि पहिल्याच्या हातात नेऊन देणार. त्यानं दोन दिवसांत, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवायचं, घेतो की सोडतो. कळवलं नाही तर तारीख गेली. आणि एकदा घेतो म्हटलं की मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. आल्विना हे सगळ्यांना सारखंच लावी. सर्कसवाला असो, चर्चची गायकमंडळी असो, नाहीतर स्वतःच्या पुतणीचं लग्न असो. पुतणी अजून बोलत नाही.

या रीतीनं सगळ्यांत जास्त भाजून निघालेला माणूस म्हणजे मॉरिस प्रोकोपचुक.

मॉरिसचं ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान होतं, आणि बावीस वर्षांपूर्वी कुणीही घेईना म्हणून त्यानं गावची हॉकी टीम विकत घेतली होती. हॅलस्टेड बॅजर्स. टीमचा मालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं त्यातलं मॉरिसकडे काही नव्हतं. तो बसचा ड्रायव्हर आजारी पडला तर स्वतः बस चालवायचा. टीम त्याची, पण बर्फ थोरलाकसनांचा, म्हणजे टीमच्या मालकानं दर वर्षी आल्विनाच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभं राहायचं.

"शनिवार दे," तो म्हणायचा.

"शनिवारी ट्रकांचा शो आहे."

"पुढचा?"

"पुढच्या शनिवारी गायनाचा कार्यक्रम. तो मागच्या मे महिन्यात धरलाय त्यांनी. तू सप्टेंबरात येतोस, मॉरिस."

"लीगचं वेळापत्रक मला ऑगस्टमध्ये मिळतं. मेमध्ये काय ज्योतिषाकडे जाऊ?"

"मंगळवार मोकळे आहेत."

मंगळवार कायम मोकळे असत. मंगळवारी कोण घराबाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी शाळा, दूध, गुरं, आणि बाहेर उणे तीस. शनिवारी बॅजर्सना तीन हजार माणूस आलं असतं, मंगळवारी अकराशे येत. पण ते अकराशे यायचे. बावीस वर्षं मॉरिसनं गावाला मंगळवारी घराबाहेर काढलं, आणि त्यापायी त्याच्या नाकी नऊ आले.

नऊ वर्षांपूर्वीची एक गोष्ट दोघंही विसरली नव्हती. मोसमाअखेरच्या बाद फेरीचा एकच शनिवार मॉरिसनं कसाबसा धरून ठेवला होता, आणि ट्रकवाल्यांनी त्यावर आव्हान दिलं. मुदत संपायची ती बुधवारी पाचला. बुधवारी मॉरिसच्या आईला पुरलं. साडेपाचला त्यानं चर्चच्या तळघरातून फोन केला, मागं बायका कोबीचे रोल वाढत असल्याचा आवाज येत होता.

"घेतो म्हणून लिही, आल्विना."

"फार वाईट वाटलं तुझ्या आईचं," ती म्हणाली. "पण तारीख गेली, मॉरिस. अर्धा तास झाला."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या घरी नूडल्सचं भांडं पोचवलं. ते आठवड्यानं परत आलं, न घासता. हॅलस्टेडमध्ये याहून मोठी शिवी नाही. त्यानंतर मॉरिसनं तिच्याकडे कधी मुदत वाढवून मागितली नाही. त्याच वर्षी नाताळच्या जेवणात, दोन ग्लास पोटात गेल्यावर, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या दिवशी ही अरीना माझी होईल ना, त्या दिवशी पहिली ती खिडकीतली खुर्ची मी रिकामी करणार." लोक हसले. आल्विनाही हसली, आणि घरी जाऊन पीटला शब्दन् शब्द सांगितला.

गेल्या नोव्हेंबरात मॉरिसनं खरंच कंपनी विकत मागितली. मालकीण थोरलाकसनबाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या. एक मुलगा केलोनात दाताचा डॉक्टर, दुसऱ्याला बर्फ म्हटलं की सर्दी. मॉरिसनं दुकान, घर, टीम सगळं बँकेपुढं ठेवलं. दुसरीकडून त्याला अमेरिकेतल्या आयडाहोची माणसं रोज फोन करत होती. त्यांच्याकडे कोरं करकरीत स्टेडियम होतं आणि टीम नव्हती. मॉरिसनं गावाला सरळ सांगून टाकलं होतं. जागा मिळाली तर टीम राहील, नाही मिळाली तर या वर्षी विकणार. सहासष्ट झालो, आता आणखी मंगळवार माझ्याच्यानं होणार नाहीत. तो धमकी देत नव्हता. दमलेला माणूस खरं बोलतो तसं ते होतं.

जानेवारीत टोरांटोची एक मोठी कंपनी मध्ये उतरली. त्यांचा माणूस ब्रेंट किलोरन पातळ बूट घालून आला आणि पार्किंगमध्येच घसरला. आल्विनानं त्याला उठवलं, कॉफी दिली. तो वही चाळत म्हणाला, "तुम्हाला आम्ही पेन्शनपर्यंत ठेवू, आल्विना. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत." पेन्शनला दोन वर्षं होती. पीटच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते वाक्य तिनं घरी नेलं आणि जपून ठेवलं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी थोरलाकसनबाईंनी तिला आत बोलावलं.

"बस. टोरांटोचं पत्र आलंय. मॉरिसपेक्षा बरंच जास्त देतायत."

"मग झालं तर."

"कसं झालं? मॉरिसनं आधी विचारलंय. पहिला हक्क त्याचा. त्याला आव्हानाची चिठ्ठी दे. तेवढी रक्कम, बँकेच्या पत्रासकट, मुदतीत आणली तर त्याची. नाहीतर त्यांची."

"बाई, ही काय सर्कसची तारीख आहे? कंपनी विकताय तुम्ही."

"माझ्या सासऱ्यांनी नियम घातला तेव्हा त्यात सर्कस असं लिहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि रडारड नको. तू जसं सगळ्यांना करतेस तसंच कर."

आल्विनानं पिवळा फॉर्म घेतला. कार्यक्रमाचं नाव या रकान्यात तिनं लिहिलं, संपूर्ण कंपनी. साडेचारला ती रिंकवर गेली. मॉरिस खेळाडूंच्या बाकामागं उभा राहून सराव बघत होता. त्यानं चिठ्ठी वाचली, पुढची बाजू तेवढी, आणि पोचपावतीवर सही केली. "बावीस वर्षांत तुझ्या हातून एक चांगली बातमी आली नाही," एवढंच म्हणाला. शुक्रवारी सकाळी तो बँकेत जाऊन बसल्याचं तिच्या कानावर आलं.

पुढचा सोमवार लुई रिएल दिवसाचा. अख्ख्या मॅनिटोबा प्रांताला सुट्टी, आणि म्हणूनच हॅलस्टेड रिंकवर वर्षातली सगळ्यांत मोठी दुपार. ही एक सुट्टीची दुपार आल्विना दर वर्षी मॉरिसला देई, कारण तिच्यावर दुसरं कुणी हक्क सांगत नसे. मॅच दोनला सुरू झाली. पोरंटोरं, आज्या, शेजारच्या गावांतून गाड्या भरभरून आलेली माणसं. पहिला भाग संपला तेव्हा आल्विना बर्फ साफ करणाऱ्या यंत्राच्या दाराशी कॉफीचा कप घेऊन उभी होती. मॉरिस शेजारी येऊन उभा राहिला.

"अडीच तास राहिले," तो म्हणाला.

"कशाला?"

"पाच वाजायला. आता मजा बघू नकोस माझी."

तिला कळायला क्षणभर लागलं. मग कळलं. मॉरिस शुक्रवार आणि सोमवार मोजत होता.

"आज बँकेला सुट्टी आहे," ती जपून म्हणाली.

"बँकेला आहेच. त्याचंच तर रडगाणं. विनिपेगच्या साहेबाची सही झालीय, पत्र उद्या सकाळी दहाला हातात पडतंय. आणि तुझी मुदत आज पाचला." तो हसला. "रिंकला कसली आलीय सुट्टी? इतक्या वर्षांत हा सोमवार मी कधी घरी काढलाय? असं बरोबर हेरून चिठ्ठी देणं, आल्विना, दाद द्यायला पाहिजे तुला."

पिवळ्या फॉर्मच्या पाठीमागं बारीक अक्षरात छापलं होतं, शनिवार, रविवार व सरकारी सुट्ट्या वगळून. मॉरिसनं पाठ कधी वाचली नव्हती. शनिवार-रविवारचं त्याला अनुभवानं ठाऊक होतं. सुट्टीचा सोमवार आव्हानात कधी अडकलाच नव्हता, आणि त्याच्या लेखी तो सुट्टीचा दिवस नव्हताच. दुसऱ्या कुणीही, अगदी चर्चच्या गायकमंडळीनंसुद्धा, अशी चूक केली नसती. खरी मुदत मंगळवारी पाचला होती. मागं वाच, एवढे दोन शब्द आल्विनानं म्हणायचे होते.

"एक दिवस वाढवून दे म्हणून विचारणार नाही," मॉरिस म्हणाला. "घाबरू नकोस."

"कॉफी घेणार?" आल्विना म्हणाली.

"नको. पोटात जागा नाही." तो खेळाडूंच्या खोलीकडे निघून गेला. बॅजर्सनी मॅच चार-एकनं जिंकली. सव्वापाचला शेवटची गाडी पार्किंगमधून बाहेर पडली तेव्हा आल्विना आपल्या गाडीत इंजिन चालू ठेवून नुसती बसली होती.

संध्याकाळी जेवताना पीटनं सॉसेज कापता कापता विचारलं, "तू सांगितलं नाहीस त्याला?"

"चिठ्ठी एकदा दिली की पुन्हा आठवण करायची नाही. कुणाचीच केली नाही मी कधी."

"हा नियम थोरलाकसनांचा की तुझा?"

"नियम आहे."

"फॉर्मवर छापलाय?"

फॉर्मवर तो कुठेच नव्हता. सदतीस वर्षांत तिनं तो स्वतःच तयार केला होता, कुणी पक्षपाताचं नाव घेऊ नये म्हणून. आणि आज दुपारी तोंड मिटलं ते त्या नियमानं की टोरांटोच्या पेन्शननं, हे तिला कितीही ताणून पाहिलं तरी सांगता येईना. लाज वाटली ती त्याची. इतकी वर्षं ती न्यायानं वागली होती यात शंका नव्हती, पण न्यायानं वागणं तिला कधी महाग पडलंच नव्हतं. किंमत नेहमी दुसऱ्यानं मोजली होती.

मंगळवारी सकाळी आठला ती मॉरिसच्या दुकानात गेली. थंडी इतकी की गाडीचं दार दोनदा ओढावं लागलं. आत रबराचा वास, आणि कोपऱ्यात माणसाहून उंच टायर. मॉरिस स्टोव्हजवळ बसून बिस्किट कॉफीत बुडवत होता. तिला बघून तो उठला नाही.

"इथं कशाला आलीस? तारीख पाहिजे टायर बदलायची?"

"मुदत आज आहे," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आज पाचपर्यंत. सरकारी सुट्टी धरत नाहीत. चिठ्ठीच्या मागं लिहिलंय. दहाला पत्र येईल तुझं, साडेदहाला घेऊन ये. मी लिहून घेते."

मॉरिसनं बिस्किट तोंडात टाकलं. सावकाश चावलं.

"तुला कधी कळलं मी चुकीचं मोजतोय ते?"

"काल. यंत्राच्या दाराशी."

"अडीचला."

"हो."

"आणि कॉफी विचारलीस."

"हो. चुकलं माझं, मॉरिस. मला वाटलं तू आलास की मला काढशील. आणि मी नियमाचं नाव पुढं केलं. शिव्या दे हव्या तर. पण आधी पत्र आण."

त्यानं दुसरा कप काढला, त्यात कॉफी ओतली आणि तिच्यापुढं सरकवला.

"काढून तुला? मग तारखा कुणाकडे मागितल्या असत्या मी?" तो म्हणाला. "बस. दहा वर्षांपूर्वी अशी आली असतीस तर हा पाना फेकून मारला असता. आता हात उचलायचाही कंटाळा येतो. काल सहाला आयडाहोला फोन केला मी. टीम दिली."

"सही झाली?"

"कागद गुरुवारी येतील."

"म्हणजे अजून काही झालं नाही. नुसतं बोलणं झालंय. सांग त्यांना, नाही जमत. गाव तुला—"

"आल्विना," मॉरिस म्हणाला, "मी घेता का विचारलं, त्यांनी घेतो म्हटलं, मी दिली म्हटलं. तिकडे त्या माणसानं बायकोला हाक मारून सांगितलं, मला फोनवर ऐकू आलं. आता दिलेला शब्द फिरवू? आणि हे तू सांगतेस मला?"

अर्ध्या तासासाठी आईच्या मयतीच्या दिवशी तारीख घालवलेल्या माणसाला तिनं काय सांगायचं होतं? सदतीस वर्षं तिनं गावाला एकच गोष्ट शिकवली होती, आणि जो ती सगळ्यांत जास्त मार खाऊन शिकला तो समोर बसला होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "काल रात्री मी नऊ तास झोपलो. किती वर्षांनी. आज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा रडू आलं, पण झोप लागली होती." त्यानं बिस्किटांचा डबा तिच्याकडे ढकलला. "जा आता. उशीर होईल तुला ऑफिसला. तुला उशीर झाला तर लोक पोलिसांना बोलावतील."

ती ऑफिसात आली. दहाला विनिपेगहून पत्र आलं असणार, पण ते तिच्यापर्यंत कुणी आणलं नाही. थोरलाकसनबाईंना तिनं झालेलं सगळं सांगितलं, कॉफीसकट. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाचपर्यंत थांब," एवढंच म्हणाल्या. आल्विना थांबली. दर वेळी जिन्यावर पाऊल वाजलं की ती वर बघायची, एकदा टपालवाला, एकदा झाडूवाली. पाच वाजले. तिनं फॉर्मवर लिहिलं, उत्तर नाही, आणि खाली सही केली. मग खोडरबर घेऊन पुढच्या मोसमाचे, दुसरं कुणी मागत नाही म्हणून आधीच बॅजर्सच्या नावावर लिहून ठेवलेले दिवस एकेक करून खोडायला बसली. चौतीस होते.

सव्वापाचला टोरांटोहून किलोरनचा फोन आला. त्याला बाईंनी कळवलं होतं. तो खुशीत होता.

"अभिनंदन म्हणायचं का आपण एकमेकांना? बरं, पुढच्या हिवाळ्यात हॉकी गेल्यावर काय काय मोकळं होतंय ते सांगा ना जरा. मी लिहून घेतो."

आल्विनानं वही जवळ ओढली. "ऑक्टोबरचा पहिला मंगळवार," ती म्हणाली. "दुसरा मंगळवार. तिसरा मंगळवार. नोव्हेंबरचा पहिला, दुसरा, चौथा."

"मंगळवारच सगळे?"

"बहुतेक."

"मग ते सोडा हो," किलोरन म्हणाला. "मंगळवारी कोण येतंय?"

"येत होते," आल्विना म्हणाली.